चाकाचे माप

गेल्या कार्तिकात मी जयपुरास माझ्या बहिणीकडे गेलो होतो. बहिणीचे घर जुन्या शहराच्या तटाबाहेर, नव्या वस्तीत आहे. रिक्षातून उतरलो तो दाराशीच भाच्याची नवी गाडी उभी. गाडीचे नाव ‘थार’. आमच्या नाशिकच्या कारखान्यात बांधली जाणारी आणि मारवाडच्या वाळवंटाचे नाव धारण करणारी ती गाडी जयपुरात पाहून मला मोठी मौज वाटली. अरवलीच्या पूर्वेला वसलेले जयपूर हे थारच्या वाळवंटात नव्हे, उंबरठ्यावर आहे. तेव्हा ही गाडी नाशिकहून निघून आपल्या नावाच्या गावी जाता जाता वाटेत माझ्या बहिणीकडे मुक्कामाला थांबली आहे असेच मला वाटले.

चहा होतो न होतो तोच भाच्याने मला हाताला धरून बाहेर नेले. “मामा, गाडी उत्तम आहे,” तो म्हणाला, “पण पायांनी लहान दिसते की नाही? हिला मोठे टायर घालायचे ठरवले आहे. नाताळच्या सुट्टीत जैसलमेरला जाणार आहोत. सगळे घरच घेऊन. तिथल्या वाळूत ही मूळची चाके काय टिकणार! तुम्ही यंत्रशाळेत तीस वर्षे शिकवलेत. तुमचे मत हवे.”

मत हवे असे तो म्हणाला खरा, परंतु त्याला हवी होती ती संमती. टायरचे दुकान ठरले होते, माप ठरले होते, रंगीत चित्रेही त्याच्याजवळ होती. मीही लगेच ‘नको’ म्हटले नाही. कारण तरुण माणसाला ‘नको’ म्हणणे सोपे असते, ‘का नको’ हे सांगणे अवघड. आणि माझ्या मनातही प्रश्न होताच. कारखान्याने दिलेले माप ही काय देवाची रेघ आहे? ते बदलले तर नेमके बिघडते काय? त्या दोन-तीन दिवसांत आम्ही मामा-भाच्यांनी जे गणित मांडले, तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आरंभ टायरवरच्या अक्षरांपासून करू. टायरच्या कुशीवर काही आकडे उठावदार अक्षरांत कोरलेले असतात. बहुतेक मालक ते कधी वाचत नाहीत. भाच्याच्या गाडीवर आकडा होता २४५/७५ आर १६. यातला पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो, २४५ मिलिमीटर. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती हे सांगतो, म्हणजे २४५ चे ७५ टक्के, सुमारे १८४ मिलिमीटर. शेवटचा सोळा हा आतल्या लोखंडी किंवा मिश्रधातूच्या रिमचा व्यास, इंचांत. वरची भिंत, खालची भिंत आणि मधले रिम यांची बेरीज केली की चाकाचा पूर्ण व्यास येतो. या चाकाचा आला ७७४ मिलिमीटर.

भाच्याला हवा होता २८५/७५ आर १६. त्याची बेरीज ८३४ भरली. म्हणजे व्यास साठ मिलिमीटरांनी वाढला. “पाहा मामा, साठ मिलिमीटर!” तो म्हणाला. मी म्हटले, “थांब. चाक मोठे झाले म्हणजे गाडी त्याच्या व्यासाने उचलली जात नाही, त्रिज्येने उचलली जाते. आस चाकाच्या मध्यावर असतो. तेव्हा तुझी गाडी उचलली जाणार ती तीस मिलिमीटर. सव्वा इंचाला थोडे कमीच.”

हा सव्वा इंच अगदीच निरर्थक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. खडकाळ वाटेवर मागच्या आसाच्या मध्यावरचा दंतचक्रांचा गोळा दगडाला घासतो की सुटतो हे कधीकधी तेवढ्या अंतरावर ठरते, आणि तो गोळा जमिनीपासून वर नेण्याचा चाकाखेरीज दुसरा सोपा उपाय नाही. स्प्रिंगा उंच केल्या तरी गाडीचे धूड उचलले जाते, आस तिथेच राहतो. मोठ्या चाकाची खड्ड्यात पडण्याची खोडही जरा कमी असते. लाभ आहे. पण तो किती आणि कोणत्या भावाने मिळतो, हे पाहिले पाहिजे.

पहिली किंमत मोजावी लागते ती खरेपणाच्या रूपाने. गाडीचा वेगमापक रस्ता पाहत नाही, चाकाचे फेरे मोजतो. मूळचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४११ फेरे घेते, नवे चाक ३८२ फेऱ्यांतच ते अंतर संपवते. बिचाऱ्या मापकाला याची खबर नसते. तो जुन्याच हिशेबाने बोलतो. तेव्हा काटा ८० वर असताना गाडी पूर्वीच्या मानाने ८६ च्या वेगाने धावत असते. कारखान्यात हे मापक मुळातच वेग किंचित जास्त दाखवतील असे जुळवतात, म्हणून प्रत्यक्षातली चूक थोडी कमी भरेल. परंतु चालकाच्या पूर्वीच्या सवयीच्या मानाने वाढ व्हायची ती तेवढीच होते. हा दोष कुशल कारागीर मापक पुन्हा जुळवून दूर करू शकतो. पण किती जण तेवढे करून घेतात?

दुसरी किंमत ओढीची. आसावर इंजिनाने दिलेला पीळ तोच, पण तो रस्त्यापर्यंत पोचवणारी तरफ लांबली. चाकाची त्रिज्या पावणेआठ टक्क्यांनी वाढली, तर रस्त्यावरची ओढ सात टक्क्यांहून अधिक घटते. सपाट सडकेवर हे कळणार नाही. परंतु वाळूचा चढ आला, गाडी मुंगीच्या पावलाने चढू लागली, की ही सात टक्के आठवण करून देतात. जिथे ओढ हवी म्हणून मोठी चाके घ्यावयाची, तिथेच ती ओढीतून वजावट करतात.

तिसरी किंमत सर्वांत महाग, आणि दुकानातल्या चित्रांत ती कधीच दिसत नाही. ती म्हणजे थांबण्याची. ब्रेक धरतो तो आसाजवळच्या चकतीला वा ड्रमला. ती चकती जेवढी होती तेवढीच आहे. ब्रेकच्या विरुद्ध बाजूने जोर लावणारे चाक मात्र मोठे झाले. तेव्हा पायाने तेवढाच जोर दिला तर रस्त्यावर थांबवणारे बळ सात टक्क्यांनी कमी पडते. तिकडे खरा वेग पावणेआठ टक्क्यांनी वाढलेला. वेगातली शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे गाडीच्या अंगातला जोर सोळा टक्क्यांनी वाढला. थांबवणारे बळ घटले आणि थांबवायचा जोर वाढला, या दोहोंचा गुणाकार करून पाहा. काट्यावर तोच आकडा, पायाचा तोच दाब, आणि जी गाडी पूर्वी चाळीस मीटरांत थांबत होती तिला आता पन्नास मीटर लागतात.

कागदावर हा आकडा आला तेव्हा भाचा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पण संकट आले तर मी ब्रेक पूर्ण दाबीनच की.” हे खरे आहे. माणूस जिवाच्या भीतीने ब्रेक तळापर्यंत दाबतो, आणि मग थांबणे ब्रेकवर नव्हे, टायरच्या पकडीवर अवलंबून राहते. पण तेव्हाही वाढलेला वेग कुठे जात नाही. मापक नव्याने जुळवला नसेल तर चाळीसचे सेहेचाळीस मीटर होतातच. शिवाय मोठे टायर जड असतात. फिरत्या जड वस्तूला थांबवायला आणखी बळ लागते. त्या दहा मीटरांत काय असते? राजस्थानच्या महामार्गावर एखादी गाय असते, एखादा रोही असतो, ढाब्याकडून रस्ता ओलांडणारे पोर असते. माझी बहीण आतून आमचे बोलणे ऐकत होती. ती बाहेर आली आणि एवढेच म्हणाली, “त्या गाडीत मागे माझी नातवंडे बसणार आहेत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरच्या दुकानात गेलो. तिथला मिस्त्री वयस्क, बोलायला मोकळा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढचे चाक पूर्ण वळवून दाखवले. टायर एवढा रुंद आणि उंच झाला तर वळणावर तो आतल्या पत्र्याला घासेल. मग पत्रा कापावा लागेल, किंवा गाडी ठोकळे घालून उचलावी लागेल. उचलली की इंजिनापासून आसापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा कोन बदलतो, त्याचे सांधे लवकर झिजतात. रुंद टायर जुन्या रिमवर बहुधा नीट बसत नाही, म्हणजे रिमही नवे. स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली आहे. ती जड झाली की दाराच्या बिजागऱ्या कुरकुरणार. ओढ परत हवी असेल तर आसातली दंतचक्रे बदलणे आले. मिस्त्रीने हे सारे कुठलीही भीती न घालता, भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले, आणि शेवटी विचारले, “साल में कितने दिन रेत में जाओगे?” भाच्याने मनात हिशेब केला. उत्तर आले, चार दिवस.

चार दिवसांच्या वाळूसाठी तीनशे एकसष्ट दिवसांची सडक! आणि त्या चार दिवसांसाठीही जयपूरहून जोधपूर-पोखरणमार्गे जैसलमेरपर्यंत साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक डांबरी रस्ता कापायचा. तिथून समची वाळूची टेकाडे आणखी चाळीस किलोमीटर, तीही सडकेनेच.

यात कायद्याचाही प्रश्न आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करता कामा नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्रत्येक अनधिकृत बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी शिक्षा नमूद झाली. पत्रा कापणे, गाडी उचलणे हे बदल या कक्षेत येऊ शकतात; आणि अपघात झालाच, तर विमा कंपनी पहिल्यांदा याच गोष्टीकडे बोट दाखवते.

आता कोणी म्हणेल, मग काय चाके कधी बदलूच नयेत? तसे असते तर आपण अजून लाकडी आऱ्यांवरच बसलो असतो. याचे उत्तर मला जयपूरच्याच रस्त्यावर मिळाले. उंटगाड्या आता तिथे पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत, परंतु शहराच्या कडेला अजून दिसतात. राजस्थानातील अशा पुष्कळ उंटगाड्यांना जुन्या विमानांचे टाकून दिलेले टायर बसवलेले असतात! आकाशातून उतरणाऱ्या विमानाचा धक्का सोसण्यासाठी घडवलेले ते जाडजूड, रुंद टायर उंटाच्या मागे वाळूतून निवांत लोळत जातात. लोखंडी धाव वाळू कापीत खाली जाते, हा टायर वाळूवर पसरतो. येथे मोठे चाक शोभले, याचे कारण असे की गाडीच त्या चाकाभोवती बांधली गेली. लाकडाचा आडवा सपाट सांगाडा, मध्ये एक कणा, दोन चाके. ना वेगमापक, ना घासणारा पत्रा. आणि वेग म्हणाल तर उंटाच्या चालीचा.

आपल्याकडचे उदाहरण मात्र इतके सुखाचे नाही. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या टायरगाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तुंबा, आरे आणि लोखंडी धाव गेली, हवेचे टायर आले. ही सुधारणा खरीच होती. तीच बैलजोडी कमी कष्टात गाडी ओढू लागली. पण मग काय झाले? गाडी हलकी झाली म्हणून ओझे वाढले. मोळ्यांवर मोळ्या चढल्या, आणि कित्येकदा भार दोन टनांच्याही वर गेला. चाक सुधारले, परंतु उतारावर ते ओझे रोखून धरण्याचे काम पूर्वीप्रमाणेच बैलांच्या मानेवर राहिले. ज्याने हिवाळ्याच्या पहाटे घाटाच्या उतारावर मागून रेटणाऱ्या गाडीपुढे पाय रोवून घसरणारे बैल पाहिले आहेत, त्याला अर्ध्या सुधारणेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एक अवयव सबळ केला, बाकीचे तसेच ठेवले, की त्याच्या बळाचा भार कोणावर तरी पडतो. बैलगाडीत तो बैलाच्या खांद्यावर पडतो, मोटारीत ब्रेकवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला घेऊन जंतरमंतरला गेलो. तो जन्मापासून जयपुरात राहतो, आणि म्हणूनच तिथे शाळेच्या सहलीनंतर फिरकलेला नव्हता. १७२७ मध्ये हे शहर वसवणारा सवाई जयसिंह हा ग्रहगणिताचा मोठा जाणकार. त्याच्या पदरी असलेल्या महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांनी यूक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. या राजाला ग्रहांची स्थाने अधिक सूक्ष्मपणे मोजावयाची होती, आणि सूक्ष्म मोजायचे तर यंत्र मोठे हवे. प्रथम त्याने जुन्या ग्रंथांनुसार पितळेची यंत्रे करवली. पण पितळेची यंत्रे मोठी केली की त्यांचे आस झिजतात, डुगडुगतात, मध्यबिंदू सरकतो. ही तक्रार त्याच्या ग्रहसारणीच्या प्रस्तावनेत नोंदलेली आहे. श्रोतेहो, मिस्त्रीने सांगितलेली आणि जयसिंहाने लिहविलेली अडचण एकच आहे हे लक्षात आले तेव्हा मला क्षणभर हसू आले.

जयसिंहाने काय केले? त्याने पितळी यंत्राला नुसता मोठा भाग जोडला नाही. त्याने धातू सोडला, दगडचुना घेतला, फिरणारा आसच काढून टाकला आणि यंत्र नव्याने कल्पिले. जयपूरच्या आवारात दोन सम्राट यंत्रे आहेत, एक लहान, एक मोठे. दोन्हींच्या कलत्या भिंतीचा कोन एकच आहे, जयपूरच्या अक्षांशाइतका म्हणजे २७ अंश. लहान यंत्र वीस सेकंदांपर्यंत वेळ सांगते. सत्तावीस मीटर उंचीचे मोठे यंत्र दोन सेकंदांपर्यंत. भिंत वाढली तशी छाया झेलणारी पाखेही वाढली, त्यांवरच्या खुणाही वाढल्या. त्या मोठ्या पाख्यावर सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. डोळ्यांना ती चालताना दिसते. भाचा बराच वेळ ती सावली पाहत उभा राहिला. मग आपणहून म्हणाला, “म्हणजे सगळेच वाढवले.” मी म्हटले, “हो. किंवा वाढवायचे नाही.”

पण त्याची मूळ अडचण अजून शिल्लक होती. वाळूत जायचे कसे? याचे उत्तर दुकानात पैसे देऊन मिळत नाही, उलट टायरमधून काहीतरी काढून टाकून मिळते. ते म्हणजे हवा.

धरा की, एका चाकावर ४४० किलोंचा भार आहे आणि टायरमध्ये हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला दोन किलो, म्हणजे सुमारे अठ्ठावीस पौंड आहे. तो भार तोलण्यासाठी टायरला जमिनीवर सुमारे २२० चौरस सेंटिमीटरांचे पाऊल टेकावे लागते. दाब एक किलोवर आणला की तेच पाऊल दुप्पट, ४४० चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या भिंती स्वतःही थोडा भार उचलतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा निराळा येईल. पण तत्त्व हेच. आणि यातले मर्म असे की, दाब तोच ठेवून नुसता टायर मोठा घातला तर त्या पावलाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. वाळू टायरची किंमत पाहत नाही, तिच्यावर पडणारा दाब पाहते.

ही युक्ती नवी नाही. १९२९ ते १९३२ या काळात राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ईजिप्त व लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन मोहिमा केल्या. ज्या वाळूच्या सागरात मोटार जाणे अशक्य मानले जात होते, तेथे टायरांतील हवा कमी करून, अडकलेल्या चाकांखाली पोलादी पट्ट्या घालून तो पार गेला. पुढे १९४१ मध्ये त्याने वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवर ग्रंथ लिहिला. तो आजही प्रमाण मानला जातो. आणि दुसऱ्या महायुद्धात ज्या विलिज जीपने जगातले चिखल, वाळू आणि बर्फ तुडवले, जिची जुळणी १९४७ मध्ये आपल्या मुंबईत सुरू झाली, तिच्या टायरची रुंदी होती अवघी सहा इंच.

बॅग्नोल्डच्याही पुष्कळ आधी हे गणित उंटाने सोडवले होते. उंटाचे पाऊल टणक खुराचे नाही. दोन बोटांखाली एक रुंद, मऊ गादी असते. पाय उचलला की ती आवळते, टेकवला की भाराखाली पसरते. निसर्गाने उंटाला पाय मोठा दिला, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो मऊ दिला.

मात्र हवा कमी करण्याचेही नियम आहेत. वाळूत सहसा पंधरा ते अठरा पौंड हवा ठेवतात. त्या स्थितीत गाडी सावकाश चालवायची, झटक्याने वळवायची नाही. नाही तर टायर रिमवरून निसटतो. आणि सडकेवर येताच हवा पुन्हा भरायची. मऊ टायर वेगात धावला की त्याच्या भिंती दर फेऱ्याला दुमडतात, तापतात आणि शेवटी फुटतात. तेव्हा दाबमापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप ही दोन साधने बरोबर हवीतच.

याच ओघात आणखी एक गोष्ट लक्षात आली. २०२० मध्ये निघालेल्या या गाडीला कारखान्याने स्वतःच दोन मापे दिली होती, साध्या प्रकाराला २४५/७५ आर १६ आणि महागड्या प्रकाराला २५५/६५ आर १८. दुसऱ्याचा व्यास ७८९ मिलिमीटर भरतो. म्हणजे कारखान्याच्या दोन मापांतला फरक दोन टक्क्यांच्याही आत! जाणकारही सामान्यतः तीन टक्क्यांची मर्यादा सांगतात. भाचा आठ टक्क्यांकडे निघाला होता. आणि गंमत अशी की महागड्या प्रकारात रिम मोठे असल्यामुळे रबराची भिंत उरते १६६ मिलिमीटर. साध्या प्रकारात ती १८४ आहे. हवा कमी केल्यावर दबून पसरणारी जी भिंत वाळूत उपयोगी पडते, ती दिसायला साध्या असलेल्या चाकालाच अधिक आहे. भाच्याला आजवर ज्या चाकांची लाज वाटत होती, तीच त्याच्या कामाची होती.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी तो पुन्हा त्याच दुकानात गेला. मूळच्याच मापाचे, पण खडबडीत नक्षीचे टायर त्याने घेतले, कारण दगडगोट्यांवर आणि खडीच्या वाटेवर ती नक्षी उपयोगी पडते. उरलेल्या पैशांत दाबमापक, पंप आणि एक फावडे आले. मिस्त्रीची विक्री कमी झाली, परंतु त्याने तोंड वाकडे केले नाही. उलट फावड्याचा दांडा आखूड घ्या, लांब दांडा गाडीखाली चालत नाही, असा सल्लाही दिला.

नाताळनंतर भाच्याचा फोन आला. समला गाडी पहिल्याच टेकाडाशी रुतली. हवा सोडायला तो विसरला होता. मग चारी चाकांतून हवा सोडली, सोळा पौंडांवर आणली, फावड्याने चाकांपुढची वाळू काढली आणि गाडी आपल्या पायांनी बाहेर आली. परत सडकेवर येऊन हवा भरेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात मुले उंटावर बसून आली. येताना पोखरणच्या पुढे संध्याकाळच्या अंधारात रस्त्यावर गुरे आडवी आली, गाडी वेळेवर थांबली, हेही त्याने सांगितले. पण ते सांगताना त्याचा आवाज थोडा खाली आला होता.

मग जरा थांबून तो म्हणाला, “मामा, एक विचारू? त्या मोठ्या चाकांवर गाडी दिसली मात्र छान असती, नाही?”

मी म्हटले, “असती खरी.”